गच्चीवर कोणी बोलायचं नाही

अण्णांजवळ पुढच्या उगादीपर्यंत, म्हणजे पाडव्यापर्यंत, वेळ आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्याच आठवड्यात वर्तमानपत्रात बातमी आली, की हेल-बॉप नावाचा एक मोठा धूमकेतू येतो आहे आणि तो पुढच्या उगादीच्या सुमारास सर्वांत तेजस्वी दिसेल. म्हणजे शर्यत अटीतटीची होती. धूमकेतूला कोट्यवधी मैल यायचं होतं आणि अण्णांना नुसतं खाटेवर पडून राहायचं होतं. तरी जाणकारांचा कौल धूमकेतूच्याच बाजूने होता.

अण्णा म्हणजे नरसिंगराव इंगळे. बेंगळूरच्या चामराजपेटातल्या एका शाळेत त्यांनी चाळीस वर्षं मुलांना विज्ञान शिकवलं. लग्न केलं नाही. फुप्फुसं खडूने खाल्ली की विडीने, यावर घरात दोन मतं होती. त्यांच्या नोकरीत त्यांची एकच फजिती झाली होती, पण ती पुरी पडावी अशी. दहा वर्षांपूर्वी हॅलेचा धूमकेतू आला तेव्हा त्यांनी अख्ख्या शाळेला पहाटे मैदानावर बोलावलं होतं. मुलं आली, आया आल्या, थर्मास आले. धूमकेतू तेवढा आला नाही. तास-दीड तास धुक्याकडे बोट दाखवून झाल्यावर एका मुलाने विचारलं, "सर, तो आज रजेवर आहे का?" त्यानंतर अण्णांनी धूमकेतूचा धडा दर वर्षी शिकवला, पण पुस्तकातून मान वर न काढता.

म्हणून ती बातमी वाचून झाल्यावर त्यांनी धाकट्या भावाला हाक मारली. "मानू, हा एक तेवढा बघून जातो रे."

"दाखवतो," मानसिंगराव म्हणाले.

आता दुसरा कोणीही माणूस असता तर त्याने वेळ आल्यावर अण्णांना खुर्चीत घालून बाहेर नेलं असतं आणि वर बोट दाखवलं असतं. पण मानसिंगरावांनी तीस वर्षं एका कारखान्यात तपासनिसाची नोकरी केली होती. दुसऱ्यांनी घासलेल्या वस्तू भिंगाखाली धरायच्या आणि नापास करायच्या, हे त्यांचं काम. ते निवृत्त झाले तेव्हा कामगारांनी त्यांना जो हार घातला, त्यातली फुलंसुद्धा त्यांनी मोठी-लहान म्हणून वेगळी केली होती असं सांगतात. असा माणूस आपल्या मरणाऱ्या भावाला उघड्या डोळ्यांनी काहीतरी पुसट दाखवणार? मुळीच नाही. दुर्बीण हवी. आणि विकतची दुर्बीण त्यांच्या तपासणीत पास होणार नव्हती, म्हणून घरीच करायला हवी.

त्यांनी शपथही घेतली. आरसा तयार होईपर्यंत आपण त्या धूमकेतूकडे बघणार नाही. बघायचा तो अण्णांबरोबर, आरशातून, नीट.

इथे मुलांसाठी थोडं सांगून ठेवतो. मोठ्यांनी हवं तर हा परिच्छेद सोडावा. आरशाची दुर्बीण करायला जाड काचेच्या दोन गोल चकत्या लागतात. एक खाली पिंपावर ठेवायची, तिच्यावर खरखरीत पूड आणि पाणी घालायचं, वर दुसरी ठेवून ती पुढे-मागे घासायची. घासणारा पिंपाभोवती हळूहळू फिरत राहतो. आणि गंमत अशी, की कोणी न शिकवता वरची काच मधे खोल होत जाते आणि खालची फुगत जाते. मग बारीक पूड, मग त्याहून बारीक. शेवटी राळेवर घोटून लकाकी आणायची आणि वर चमकता धातूचा मुलामा द्यायचा. काम अवघड नाही. वेळ मात्र लागतो, आणि वेळ हाच त्या घरात सर्वांत कमी असलेला जिन्नस होता.

मानसिंगराव मागच्या अंगणात पिंपाभोवती फिरू लागले. खिडकीतून अण्णा बघत. रोज तोच आवाज. दगडी पाट्यावर कोणी न संपणारी चटणी वाटतंय असा. पहिल्या महिन्यात शेजाऱ्यांना वाटलं, घरात लग्न निघालं. दुसऱ्या महिन्यात वाटलं, मानसिंगरावांना काहीतरी झालं.

मग सल्ले सुरू झाले. शेजारचे शेषगिरी, निवृत्त पोस्टमास्तर, कुंपणावर कोपर टेकून उभे राहत. "मानसिंगराव, स्वल्प जोर कमी करा. स्वल्प डावीकडून घासा. नाहीतर असं करा, घासूच नका. शेंडेनक्षत्र घरात आजारी माणूस असताना बघू नये." माडीवरचा भाडेकरू दत्ता पुण्याहून नुकताच आला होता आणि कुठल्याशा संगणकाच्या कंपनीत होता. तो दाराशी बूट काढता काढता म्हणे, "काका, बेसिकली तुमची अॅप्रोचच चुकतेय. इंटरनेटवर सगळे फोटो असतात. मी ऑफिसातून प्रिंट काढून आणतो ना, अण्णांच्या समोर लावून टाकू."

"अण्णांना फोटो बघायचा नाहीये," मानसिंगराव म्हणत आणि आणखी एक चक्कर मारत.

दसऱ्याच्या थोडं आधी आरसा झाला. तीनदा त्यांनी तो स्वतःच नापास केला होता. कारखान्यात असता तर कामगारांनी संप केला असता. इथे कामगारही तेच, म्हणून फक्त जेवण सुटलं. चौथ्यांदा पास केला. ओळखीने एका प्रयोगशाळेत नेऊन मुलामा देऊन आणला आणि मऊ कापडात गुंडाळून देवघराच्या कपाटात ठेवला. संध्याकाळी धूमकेतू नैऋत्येला होता. अजून लहान होता, पण दुर्बिणीत सापडणारा होता. दसरा झाला की दाखवू, असं ठरलं. अण्णा तेव्हा काठी टेकत गच्चीपर्यंत जाऊ शकत होते.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी घरोघर हत्यारांची पूजा असते. बेंगळूरात त्या दिवशी रिक्षांपासून पीठ वाटायच्या रुब्बुगुंड्यापर्यंत सगळ्यांना कुंकू लागतं आणि दर चौकात कोहळा फुटतो. इंगळ्यांकडे तर ही पूजा जास्तच कडक; आपण शहाजीराजांबरोबर आलो आणि तलवार खाली ठेवली ती फक्त पेन्शन घ्यायला, असं त्या घराण्याचं मत. पूजा मांडायचा मान ठकूअक्कांचा. त्या तिघा भावंडांत थोरल्या, वैधव्य आल्यापासून इथेच. डोळ्यांत मोतीबिंदू, पण जिभेला काही झालेलं नव्हतं. त्यांनी पाटावर तलवार मांडली, स्कूटरची किल्ली मांडली, शिवणयंत्र ओढून आणलं. मग त्यांना आठवलं, की या वर्षी घरात सर्वांत मोठं हत्यार मान्यानं केलेलं आहे.

मानसिंगराव फुलं घेऊन आले तेव्हा आरसा पाटाच्या मधोमध होता. त्याला हळदीकुंकवाची बोटं होती, वर अक्षता होत्या आणि झेंडूचं फूल होतं. ते त्यांनी सहन केलं असतं. पण आरशातून पलीकडचा पाट दिसत होता.

"अक्का," ते हळू म्हणाले, "याच्यावर चमक होती ती?"

"चमक कसली, डाग पडला होता पांढरा. पूजेत असं भांडं ठेवतात होय? चिंच लावली, राखेने घासलं, लख्ख केलं." आणि मग प्रेमाने, "तू चार महिने घासतोयस मान्या. तुला जमेना ते मी पाच मिनिटांत केलं बघ."

मुलामा गेला होताच. राखेत खडे होते, त्यांनी काचेवर पाटीवर शिकणाऱ्या मुलासारखं लिहून ठेवलं होतं. मानसिंगरावांच्या पत्नी रत्नाबाई स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या. मानसिंगराव पाटाला नमस्कार करून उठले, मागच्या अंगणात गेले आणि पिंप सरळ केलं. आतून अण्णांच्या हसण्याचा आवाज आला, मग खोकल्याचा, आणि मग बराच वेळ नुसता खोकल्याचाच.

आरसा पुन्हा जवळजवळ मुळापासून घासावा लागला. त्यात थंडी आली. अण्णांची काठी सुटली, मग बसणं सुटलं. खिडकीजवळ त्यांनी आकाशाचा नकाशा लावून घेतला होता. धूमकेतू कुठे पोहोचला ते वर्तमानपत्रावरून बघून ते रत्नाबाईंकडून त्याच्यावर टाचणी सरकवून घेत. धूमकेतू हंस तारकासमूहाच्या दिशेने चढत होता. टाचणी वर जाई तसा अण्णांचा श्वास खाली येई.

आरसा नव्हता तरी मानसिंगरावांनी दुर्बिणीची नळी आणि घोडी तयार करून गच्चीवर ठेवली होती. संक्रांतीनंतर एक हवालदार आला. मागच्या रस्त्याला मुलींचं वसतिगृह होतं आणि तिथून तक्रार गेली होती, की चामराजपेटातला एक म्हातारा नळी रोखून बसतो.

हवालदाराने नळीत डोळा घातला. "इथं काही दिसत नाही."

"आत आरसा नाही."

"मग बघता काय?"

"अजून काही नाही."

"रोज येऊन काही नाही बघता?"

"नळीला सवय करतोय," मानसिंगराव म्हणाले. हे उत्तर खरं होतं, पण ऐकायला वाईट होतं. त्यांना ठाण्यावर जावं लागलं. तीस वर्षं ज्यांच्या सहीशिवाय एक स्क्रू बाहेर पडला नाही, ते मानसिंगराव बाकावर दोन पाकीटमारांच्या मधे बसले. शेषगिरींनी येऊन सोडवलं. "माणूस चांगला आहे हो," ते ठाणेदाराला सांगत होते, "स्वल्प काच घासून डोकं फिरलंय एवढंच." मानसिंगरावांना वाटलं, यापेक्षा पाकीटमार बरे.

रस्त्यावरचा दिवा बरोबर गच्चीच्या तोंडावर होता. तो महिनाभर बंद ठेवावा म्हणून ते विजेच्या कचेरीत गेले. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"धूमकेतू कुठल्या वॉर्डात येतो?"

"आकाशात."

"मग अर्ज आमच्याकडे कसा? आम्ही खांबापर्यंतच." जरा विचार करून ते म्हणाले, "दिवा बंद करायला बिघाड लागतो. आणि तो चांगला चालतोय. बिघडला की या." तो दिवा त्या वर्षी एकदाही बिघडला नाही. त्या रस्त्याच्या इतिहासात असं आधी झालं नव्हतं.

फेब्रुवारीत धूमकेतू पहाटे ईशान्येला आला. रत्नाबाई दूध आणायला जात तेव्हा तो त्यांना दिसे. "अहो, बूथच्या वर अगदी स्वच्छ दिसतो. झाडणीसारखा. अण्णांना खुर्चीतून तिथवर—"

"पहाटेच्या थंडीत? डॉक्टर काय म्हणालेत?" आणि हे खरंच होतं, डॉक्टर तसं म्हणाले होते. पण मानसिंगरावांचं दुसरंही एक कारण होतं. दूध आणायला ते स्वतः जात तेव्हा पायांकडे बघत जात आणि पायांकडे बघत येत. शपथ ती शपथ. त्या महिन्यात ते दोनदा गाईवर आपटले.

आरसा दुसऱ्यांदा पास झाला. प्रयोगशाळेतलं यंत्र बंद होतं. ते चालू झालं तेव्हा चालवणारे गृहस्थ मुलीच्या लग्नासाठी गावी गेले होते. मुलामा होऊन आरसा घरी आला तेव्हा मार्च संपत आला होता. धूमकेतू आता संध्याकाळी वायव्येला होता, आणि सगळं बेंगळूर त्याच्याकडे बघत होतं. बसस्टॉपवर लोक बस सोडून बघत होते. मानसिंगराव मान खाली घालून आरसा छातीशी धरून त्या लोकांतून घरी आले.

अण्णा आता उशांवर टेकूनच असत. वाक्यात दोनदा थांबावं लागे. "झाला का रे... पास?"

"झाला अण्णा. उद्या."

दुसऱ्या दिवशी दुपारपासून सल्ल्यांना ऊत आला. जिना अरुंद, वळणाचा. अण्णांना वेताच्या आरामखुर्चीत बसवून वर न्यायचं ठरलं. शेषगिरींनी खुर्चीला बांधायला दोन बांबू आणले. ठकूअक्का दारात आडव्या आल्या.

"ते कशाचे बांबू आणलेत शेषगिरी? माणूस जिवंत आहे अजून!"

"अक्का, बांबू आहेत हो. पंदलचे, मांडवाचे उरलेले."

"मग पाय पुढे करून का धरलाय त्याला? पाय पुढे करून दाराबाहेर कोणाला नेतात, माहीत आहे ना?"

खुर्ची फिरवली. डोकं पुढे केल्यावर जिन्याच्या वळणावर खुर्ची अडकली. शेषगिरी म्हणाले पाय पुढे हवेतच. दत्ता म्हणाला, "काका, सिंपल जॉमेट्री आहे." ठकूअक्का म्हणाल्या, जॉमेट्री घाल चुलीत. खुर्ची दोनदा दाराबाहेर आली आणि दोनदा आत गेली. समोरच्या घरातल्या बाईंनी हे बघून डोक्यावर पदर घेतला आणि रडत रडत रस्ता ओलांडून आल्या. त्यांना परत पाठवताना रत्नाबाईंना फार जड गेलं, कारण त्या मनापासून रडत होत्या.

शेवटी खुर्चीतून आवाज आला. "पाय जाऊ द्या... नाहीतर डोकं जाऊ द्या. दोन्हीच्या मधे... मी आहे. दम माझा लागतोय."

अण्णांना वर नेऊन ठेवलं तेव्हा मानसिंगराव घामाने भिजले होते आणि नऊ-दहा महिन्यांचे सगळे सल्ले त्यांच्या गळ्याशी आले होते. ते गच्चीच्या मधोमध उभे राहिले.

"आता एक ऐका. या गच्चीवर कोणी बोलायचं नाही. एक शब्द नाही. ज्याला सल्ला द्यायचा असेल त्याने खाली जाऊन द्यावा."

आणि ते कामाला लागले. बाकीच्या जगाने धूमकेतू डोळ्यांनी शोधला असता. मानसिंगरावांनी होकायंत्र काढलं, शाळेचा कोनमापक काढला, ओळंबा काढला. वर न बघता, शपथ न मोडता, आकड्यांवरून नळी वायव्येला रोखली. अण्णांची खुर्ची त्यांच्या मागे, मागे रेलून ठेवलेली. एक स्क्रू पडला. तो शोधला. नळी सरकली. पुन्हा मोजलं.

"मानू," मागून अण्णा म्हणाले.

"बोलू नकोस अण्णा, दम लागेल."

"काका, तुम्ही जरा वर—" दत्ताने सुरुवात केली.

"काय सांगितलं मी?"

"मान्या, अरे मेल्या—"

"अक्का, गप!"

मग खरंच सगळे गप्प झाले. इतके गप्प, की खाली रस्त्यावरचं मोटारीचं इंजिन ऐकू येत होतं. मानसिंगरावांना बरं वाटलं. उशिरा का होईना, आपल्या शब्दाला या घरात वजन आलं. अर्धा तास ते नळीत डोकं घालून होते आणि अर्धा तास त्यांच्या पाठीमागे कोणी हू की चू केलं नाही.

शेवटी नळीत उजेड आला. मऊ, पिवळसर, कडेला पसरलेला. त्यांनी डोळा नीट लागायच्या आतच मागे घेतला. पहिला मान अण्णांचा. खुर्ची पुढे ओढून अण्णांचं डोकं दोन्ही हातांनी धरलं आणि भिंगाशी नेलं.

अण्णा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "दिसला रे, मानू. फार... सुंदर केलंस काम. कुठे चरा नाही."

तेवढ्यात खोकल्याची उबळ आली आणि काही केल्या थांबेना. सगळ्यांनी मिळून त्यांना खाली नेलं. या वेळी पाय पुढे होते की डोकं, ते कोणी बघितलं नाही. त्यांचा श्वास ठिकाणावर आल्यावर मानसिंगराव एकटे वर आले. आता त्यांची पाळी. त्यांनी भिंगाला डोळा लावला. तोच मऊ उजेड होता. दाट होता, एका बाजूला निमुळता. त्यांचे डोळे भरून आले.

आणि धूमकेतू विझला.

मग पुन्हा लागला. मग विझला आणि लागला नाही. पलीकडच्या रस्त्यावर लग्नाचा हॉल होता आणि त्याच्या गच्चीवर जेवणाचा मांडव होता. वाढपी ओरडले, "आयतु, आयतु! झालं, लाइट बंद!" मांडवाच्या कापडामागचा दिवा त्यांनी काढून घेतला होता.

मानसिंगराव कठड्याला पाठ लावून खाली बसले. मान गुडघ्यांत घातली. डोक्यावर आकाश होतं, पण त्यांना आकाशाकडे बघवेना. उद्या, ते स्वतःला म्हणाले. उद्या दाखवू. अण्णांना सांगायचंच नाही.

उद्या अण्णांच्या नाकात नळी आली. ती नळी हलवायची परवानगी नव्हती. आणखी काही दिवसांनी, उगादीच्या अलीकडेच, अण्णा गेले. शर्यतीचा निकाल डॉक्टरांच्या बाजूने लागला. घरात सुतक, म्हणून त्या वर्षी दाराला आंब्याची पानं नाहीत की कडुनिंब-गूळ नाही. शेजारपाजारची मंडळी सांत्वनाला येत, चार शब्द बोलत आणि मग दत्ताला हळूच विचारत, गच्चीवर जाऊन जरा ते बघता येईल का. वरून "वा! वा!" ऐकू येई. डोकं भादरलेले मानसिंगराव खाली भिंतीशी घोंगडीवर बसून ते ऐकत.

दहाव्याला सगळे व्हॅन करून श्रीरंगपट्टणला गेले. कावेरीकाठी पिंड मांडला. कावळे समोरच्या पिंपळावर रांगेने बसले होते, पण एकही खाली येईना.

"काहीतरी इच्छा राहिली आहे," भटजी म्हणाले. "सांगा पटपट. मागे आणखी मंडळी आहेत."

चुलतभाऊ जयसिंगराव पुढे झाले. गेल्या माणसाच्या वतीने बोलण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. "अण्णा! मानसिंग घर विकणार नाही!" कावळा आला नाही. "अण्णा! तुमच्या शाळेत तुमचा फोटो लावू!" नाही. "अण्णा! माडीवरचा भाडेकरू काढून टाकू!" दत्ता धोतराचं टोक सावरत मागेच उभा होता, तो एक पाऊल आणखी मागे सरला. कावळ्यांनी मान वळवून त्याच्याकडे बघितलं, बस.

मानसिंगराव उठले. ओल्या वस्त्राने पिंडासमोर उभे राहिले आणि सगळ्यांदेखत, मोठ्याने, तपासणीचा अहवाल वाचावा तसे म्हणाले, "अण्णा, तो धूमकेतू नव्हता. लग्नातला दिवा होता. मी तुला फसवलं. पुन्हा दाखवायला तो परत येईतो दोन हजारांवर वर्षं जातील; वचन देऊ तर काय देऊ?"

कावळा हलला नाही.

"झालं बोलून?" ठकूअक्का मागून म्हणाल्या. "आता खाली बस. त्याला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"दिवा होता ते. चाळीस वर्षं मास्तर होता तो, त्याला दिवा कळत नाही होय? त्याच रात्री मला म्हणाला, अक्का, मानूला कळू देऊ नको, बोटं झिजलीत त्याची."

मानसिंगरावांचा चेहरा पडला. "म्हणजे त्याला दिसलाच नाही."

"दिसला की! मला मेलीला डोळे नाहीत, पण त्याला दिसला, दत्ताला दिसला, रत्नाला दिसला. तू नळीत डोकं घालून शिव्या देत होतास ना, तेव्हा तुझ्या पाठीच्या वर होता म्हणे, शेपटीसकट. नरसू खुर्चीत उताणा पडून बघत होता. अर्धा तास. हसत होता. माझ्या कानात सांगत होता, अक्का, आता नारळाच्या झावळीला टेकलाय." त्या थांबल्या. "तुला हाका मारल्या त्यानं. तू म्हणालास, बोलू नको."

दत्ता पायाच्या अंगठ्याने वाळू उकरत होता. "काका, मी ट्राय केलं होतं," तो पुटपुटला.

मानसिंगरावांनी पिंपळाकडे बघितलं. "मग कावळा का येत नाही?"

"कशाला येईल? सकाळपासून दहा घरचं जेवलेत ते. बघ ना, बसवत नाहीये त्यांना."

भटजींनी घड्याळ बघितलं, दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला टेकवला. दर्भाच्या कावळ्याला कसलीच इच्छा विचारावी लागत नाही.

परतताना मंड्याच्या अलीकडे व्हॅन पंक्चर झाली, आणि पुन्हा सुटेतो अंधारलं होतं. सगळे थकून झोपले. ठकूअक्कांचं तोंड उघडं होतं. मानसिंगराव डावीकडच्या खिडकीशी होते. आता शपथेचं काही उरलं नव्हतं. त्यांनी काच खाली केली, डोकं बाहेर काढलं आणि मान वर केली.

तो होता. उसाच्या शेतांवर, दिव्यांपासून दूर, पांढरा, आपली शेपटी वर सोडून आरामात बसलेला. त्याला शोधावं लागलं नाही, कोन मोजावा लागला नाही. मानसिंगरावांनी अर्धवट मागे वळून "अण्णा," म्हटलं आणि मग पुढचं काही म्हटलं नाही. व्हॅन मद्दूरला आली, मद्दूर गेलं. तो सोबत चालला होता. त्यांनी मान एकदाही खाली केली नाही.

दुसऱ्या दिवशी मान धरली. रत्नाबाईंनी बाम चोळला, शेक दिला. मान तशीच, वर उचललेली. तेराव्याला माणसं जेवायला आली. दुःखातल्या माणसाने जिथे बघायचं असतं तिथे, म्हणजे जमिनीकडे, मानसिंगरावांना काही केल्या बघता येईना. ते छताकडे बघत सगळ्यांना "या, बसा," म्हणत राहिले.

"सख्खा भाऊ गेला," शेषगिरी पानावरून दत्ताला हळूच म्हणाले, "पण ताठा बघा. मान स्वल्पसुद्धा खाली नाही."

मानसिंगरावांना ते ऐकू आलं. उत्तर देण्यासाठी त्यांना मान वळवावी लागली असती.